माफीचा सौदा

देवाच्या शास्त्राला बैलासारखं रोजच्या कामाला जुंपणारा माणूस पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत एकच झाला, आणि तो नेमका माझ्या संत्र्याच्या गोदामामागे राहायला आला. पाद्री होणाऱ्या मुलांना ख्रिस्ती ईश्वरविज्ञान शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. "रविवारी शिकलेलं सोमवारी नळावर कामी येत नसेल, तर शिकून काय करता, भाऊ?" असं विचारत आणि खरंच आपली भरलेली बादली मागच्या बाईला देऊन टाकत. कृपा म्हणजे न कमावता मिळालेली गोष्ट, हे तिला कळावं म्हणून. मग घरी पाणी नसे आणि रिकामी बादली घेऊन माझ्या दारात येत. पेटीतलं सडकं संत्रं उचलून मूळ पाप समजावत. तेवढ्यात माझं गिऱ्हाईक पळे.

मी टोपल्या वाहून व्यापारी झालेला माणूस. भाव केल्याशिवाय देवाचा नारळही घेत नाही. आमच्याकडे काही जुने लोक बागेचा सौदा अजून दुपट्ट्याखाली करतात. कापडाआड बोटं दाबून भाव सांगायचा, बाकीच्यांना कळू द्यायचा नाही. तिगावच्या एका बागेत मी आणि बागवाला आधी तावातावाने भांडलो, मग दुपट्ट्याखाली हात दिले. सौदा जुळतच आला होता. सोबत आलेल्या सरांना वाटलं, आमचा समेट झाला. "भांडण मिटलं ना, मग एवढं चांगलं काम झाकून कशाला करता?" म्हणत त्यांनी दुपट्टा उचलला. शेजारी उभ्या व्यापाऱ्याने माझी बोटं पाहिली, वर भाव दिला, बाग घेऊन गेला. मी सरांना तिथेच नाही नाही ते बोललो.

आता त्यांचा नियम असा, की कोणाच्या मनात आपल्याविषयी राग असेल तर आधी त्याच्याशी समेट, मगच चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकर तोंडात घ्यायची. ते महिन्यातून एकदा असे. त्याच्या आदल्या संध्याकाळी सर गोदामात हजर.

"भाऊ, माफ करून टाका ना."

"एवढ्यात नाही जमत, सर. बाग गेली माझी. बसा, चहा घ्या."

"देवाच्या कामातही घासाघीस करून राहिले तुम्ही."

"तुमचा देव फुकट देते ना? त्याच्याकडून घ्या."

"तो देऊन चुकला. मी तुम्हाला मागून राहिलो."

मग गोदाम बंद होईपर्यंत आमचा वाद चाले. "देऊन टाका की हो, म्हातारा माणूस आहे," बायको म्हणायची. तिला धंदा कळत नाही. सौदा पटला की गिऱ्हाईक दुकानात बसत नाही.

पुढे सरांचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना जबलपूरला नेलं. तिथूनही महिन्याच्या महिन्याला फोन यायचा, "झालं का मन?" एकदा त्यांच्या इथल्या चर्चमधले एक रेल्वेचे पेन्शनर भेटले. म्हणाले, "सर आम्हाला आपल्या हाताने भाकर द्यायचे, स्वतः कधी घेतली नाही. म्हणायचे, माझं एका माणसाशी मिटायचं राहून राहिलं."

पुढचा फोन आला तेव्हा मी नमस्कारही केला नाही. "सर, केलं माफ."

"भाव न करता?"

"भाव न करता."

"मग उद्या भाकर घेतो, भाऊ."

त्यानंतर फोन नाही. आता त्यांना माझ्याकडे मागायचं काही उरलं नाही. बाग त्यांनीच घालवली, हे मी आजही कोणालाही सांगेन. पण संध्याकाळी गोदामात एकटा बसलो की वाटतं, सरांनी यावं आणि माझा आणखी एखादा सौदा मोडून जावा.