मंजुळाची ताठ गोधडी

एडवणची मंजुळा मेहेर भात शिजवायची ती पेजेसाठी, आणि भात आपल्याला वर फुकटात मिळतो, असं तिचा नवरा रामू म्हणायचा. त्यात फारसं खोटं नव्हतं. जुनी लुगडी नेसून नेसून इतकी मऊ झालेली असतात की इकडे टाका घातला की तिकडे पळतात. म्हणून गोधडी शिवण्याआधी मंजुळा प्रत्येक तुकडा भाताच्या पेजेत बुडवायची आणि बोंबील वाळवायच्या बांबूंवर टांगायची. अशी खळ बसली की कापड मुकाट जागेवर राहायचं. गेल्या तीस वर्षांत गावातलं प्रत्येक तान्हं पोर पहिल्यांदा निजलं ते तिच्याच गोधडीवर. याचा तिला भारी गर्व होता आणि तो ती लपवायचीही नाही. का लपवावा? मोठमोठे लोक यापेक्षा किरकोळ गोष्टींवर छाती फुगवून फिरतात.

तिचा मुलगा नीलेश बोईसरला कारखान्यात. त्याची बायको दीपिका तिथेच माहेरी बाळंत झाली, मुलगी झाली. मंजुळाची गोधडी तेव्हा शिवून तयार होती. पाळण्यातून उतरून शाळेत जाईपर्यंत पुरावी अशी चांगली माणसाएवढी. तिसऱ्या दिवशी दीपिकाच्या आईचा, समिधाताईंचा फोन आला.

"विहीणबाई, गोधडीचा त्रास घेऊ नका हं. हातच्या गोधड्या बाळाखाली गोळा होतात. मी मऊ ब्लँकेट आणलंय, अस्वलांचं."

मंजुळाने फोन अगदी हळुवार खाली ठेवला. ते पाहून रामूला तिथेच कापरं भरलं.

गोळा होतात! तीस वर्षांचं गाव एका अस्वलापायी गोळा झालं! स्वतःची नात आणि निजणार दुकानातल्या ब्लँकेटवर, या विचाराने तिला रडूच आलं. मग डोळे पुसून तिने मोठ्या टोपात पेज चढवली. शिवून झालेल्या गोधडीला तिने आजवर कधी खळ लावली नव्हती. त्या दिवशी लावली. वाळली की पुन्हा लावली. एक चुणी पडता कामा नये. समुद्राचा वारा भरभरून येत होता आणि बाई काही थांबायला तयार नव्हती. असे पाच हात झाले.

संध्याकाळी होडीवरून आलेला रामू अंगणातच थबकला. ओटीवर कोणीतरी भिंतीला टेकून उभं होतं.

"आत या ना, उभे का?" तो म्हणाला.

ती गोधडी होती. तिने अर्थातच उत्तर दिलं नाही. रामूने तिच्यावर टिचकी मारली तर टक्क असा आवाज आला.

"अगे, ही काय गोधडी हाय? हिच्यावर पत्ते खेळता येतील. बुडव पाण्यात, होईल मऊ."

"नाय. शिवणारीनं पाणी लावायचं नाय, आयनं शिकवलंय. ज्याची गोधडी, पहिलं पाणी त्याचंच."

मंजुळाच्या आईला जाऊन वीस वर्षं झाली होती, पण ती जिवंत असतानाही तिच्या शब्दापुढे रामूचं कधी चाललं नव्हतं.

बारशाच्या दिवशी घडी काही पडेना, म्हणून गोधडी उभीच निघाली. सफाळे स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती दोघांच्या मधे तिरकी बसली, म्हणजे तिला बसवली. वाटेत एक म्हातारी तिला म्हणाली, "जरा सरका." गोधडी सरकली नाही आणि म्हातारी पुटपुटली, लोकांना हल्ली माणुसकी नाय.

बोईसरच्या इमारतीत ती लिफ्टमध्ये मावेना. दोघे तिला आडवी धरून जिन्याने चढू लागले तेव्हा वॉचमन आडवा आला. "दरवाज़ा किस फ्लैट का है?"

"पाळण्याचा," रामू धापा टाकत म्हणाला.

समिधाताईंनी गोधडीकडे पाहिलं, मग मंजुळाकडे. "किती... मजबूत आहे," त्या म्हणाल्या, आणि सहज केल्यासारखं अस्वलांचं ब्लँकेट जवळ ओढून घेतलं. बाळाचं नाव मेघाली ठेवलं. घुगऱ्या वाटून झाल्या. मग मंजुळाने हॉलमध्ये गोधडी ठेवली; अंथरली म्हणायला काही वावच नव्हता. दीपिकाने बाळाला तिच्यावर निजवलं. बाळ ताटात वाढल्यासारखं दिसू लागलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि टाहो फोडला.

समिधाताईंनी ब्लँकेट पुढे केलं. आपल्या हट्टापायी आपलीच नात रडते आहे, हे मंजुळाला दिसत होतं. पोरीला टोचत असणार. तीस वर्षं सुईशी काढली आणि घरच्याच पोरीला फळीवर घातली. "घ्या उचलून," ती म्हणाली.

समिधाताई वाकल्या आणि तशाच थांबल्या. मेघाली रडायची थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर विलक्षण गंभीर भाव आला. तिच्याखाली गोधडीचा रंग हळूहळू गडद होत गेला.

"अगंबाई, ओली झाली!" दीपिका म्हणाली.

"हात नका लावू कोणी!" मंजुळा ओरडली.

खळ सुटत होती. बाळाच्या कमरेखाली कापड सैल पडलं, मग पाठीखाली, आणि बाळ जेवढं तेवढाच एक खळगा तयार झाला. मेघाली त्यात अलगद खाली गेली, तिने जांभई दिली आणि ती झोपली. समिधाताईंनी खळग्यात हात घालून पाहिला. बराच वेळ त्यांनी तो काढला नाही.

"विहीणबाई, हे लोण्यासारखं आहे हो," त्या म्हणाल्या आणि ब्लँकेट त्यांनी बाळावर पांघरलं. दीपिका दुपटं बदलायला पुढे झाली.

मंजुळाच्या डोळ्यांना धार लागली होती. पदराने डोळे पुसत तिने गोधडीच्या चारही बाजू बोटांनी ठोकून पाहिल्या.

"दीपिका," ती म्हणाली, "उठली की पोरीला पोटभर पाज. कडा अजून ताठ हायत."