दोनशे यार्डांतला मारुती

आमच्या हिच्या काकांइतका सरळ माणूस अख्ख्या पार्ल्यात नव्हता, आणि चारचौघांना त्यांच्याइतकं अवघडवून टाकणाराही दुसरा कोणी नव्हता. कोर्टात भाषांतरं करण्यात जन्म घालवलेल्या या ब्रह्मचाऱ्याला निवृत्तीनंतर एकच नाद लागला, वेश्याव्यवसायाचे देशोदेशीचे कायदे जमवण्याचा. वकिलातींना पत्रं लिहायची आणि आलेली उत्तरं जाड वहीत उतरवायची, एका देशाला एक पान. एका वकिलातीने उत्तरादाखल गाईंच्या चित्रांचं कॅलेंडर पाठवलं. काकांनी तेही आभार मानून वहीत ठेवलं. माझ्या मेहुणीच्या लग्नात, पंगतीत जिलबी फिरत असताना, त्यांनी वरपक्षाला समजावून सांगितलं की फ्रान्सात कुंटणखाने बंद केले, जर्मनीत बाईला डॉक्टरी तपासणी चुकत नाही, आणि इंग्लंडात ती घरात बसली तर चालतं, फुटपाथवर उभी राहिली की दंड. वराच्या मामांनी चेष्टेने विचारलं, "आणि गिऱ्हाइकाला काय?"

"त्याच्यासाठीचं कलम मला अजून कुठेच सापडलेलं नाही," काका गंभीरपणे म्हणाले. मामांनी जिलबी परत पाठवली.

आमच्या वाडीत मागच्या खोलीत एक मालवणी बाई ब्लाउज शिवून राहायच्या. पूर्वी त्या मुंबईत कुठल्या गल्लीत होत्या, याची कुजबुज सगळ्यांच्या तोंडी आणि ब्लाउज सगळ्यांचे त्यांच्याकडे. काकांच्या सदऱ्यांची बटणंही त्याच लावत. मग आपल्याकडे वेश्याव्यवसायाविरुद्ध नवा कायदा आला आणि वाडीला जोर चढला. बाईंना हुसकवण्याचा अर्ज तयार झाला. त्यावर माझीही सही होती. कायद्यातले जाणकार म्हणून तो काकांकडे तपासायला गेला. चुकीचं कलम दिसलं की काकांना जेवण जात नसे. त्यांनी तांबड्या शाईने शेरा मारला: 'बाई शिवणकाम करतात. तसं नसतं तरी हे कलम लागायला देऊळ किंवा शाळा दोनशे यार्डांच्या आत हवी. आपल्याकडे दोन्ही नाही.' अर्ज निकालात निघाला असं समजून ते निवांत झोपले.

आठवड्याच्या आत कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली मारुती बसला. शेंदूर, नारळ, आरती, सगळं यथासांग झालं. मग टेप लावून अंतर मोजलं, ते नव्वद यार्ड भरलं. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. धंदाच नाही तर अंतर कसलं मोजता, म्हणून काका दारोदार सांगत फिरले, पण त्यांच्या शेऱ्यातलं पहिलं वाक्य कोणी वाचलंच नव्हतं. घरमालक घाबरला आणि त्याने खोली रिकामी करायला सांगितली.

जायच्या दिवशी बाई काकांचा सदरा द्यायला आल्या. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "काकानू, तुमच्या वहीत असो एकतरी देश आसा काय, जंय माका गप रवाक देतत?"

काकांनी वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत गेले, चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. खाली टांगेवाला हाका मारत होता. बाई थोडा वेळ थांबल्या, मग सदरा खुर्चीवर ठेवून निघून गेल्या.

त्यानंतर काकांनी एकाही वकिलातीला पत्र लिहिलं नाही. वर्षभरात ते गेले आणि वही माझ्याकडे आली. मारुतीला आता फरशी बसवली आहे, शनिवारी गर्दीही होते, आणि तिथून जाताना मला त्या टेपची लाज वाटते. वहीत गाईंच्या कॅलेंडरामागे एक पान आहे. त्यावर काकांच्या वळणदार अक्षरात एवढंच लिहिलंय, 'शिवणकाम करून राहू देतात.' वर देशाचं नाव लिहायची जागा त्यांनी मोकळी सोडली आहे.