रेडिओवर वाजलेली बंगई

"मॅडम, खाली एक काका येऊन बसले आहेत. म्हणतात, तुमच्या रेडिओवर माह्या घरची बंगई वाजून राहिली."

रिसेप्शनवरच्या वैशालीचा फोन होता. एरवी मी हसले असते. रेडिओ स्टेशनवर नाना तऱ्हेची माणसं येतात. कोणाला गाणं म्हणायचं असतं, कोणाला निवेदकाशी लग्न करायचं असतं. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. बंगई, म्हणजे घरातला झोपाळा, खरोखरच वाजत होती, आणि ती कोणाच्या घरची आहे हे मला माहीत होतं.

थोडं मागून सांगते. नागपुरातल्या एका खाजगी एफएम स्टेशनची मी प्रोग्रॅम हेड. म्हणजे काय वाजवायचं ते ठरवायचं आणि वाजल्यावर शिव्या खायच्या. शनिवारी आमचा एक कार्यक्रम असायचा. घरातली जी गोष्ट घरात बोलता येत नाही, ती एखाद्या माणसानं नाव आणि आवाज बदलून रेडिओवर सांगायची. दारू झाली, सासूचा जाच झाला, दुसरं लग्न झालं. कोणी हूं की चूं केलं नाही. मग आम्ही एका आईशी बोललो. तिच्या मुलाला मुली आवडत नव्हत्या, मुलगे आवडत होते.

त्यांना सुनंदाताई म्हणू. राहायला हुडकेश्वरला. मुलगा निखिल धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो. त्यानं आईला सांगितलं होतं. वडलांना नाही. वडील कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे अडते, म्हणजे शेतकऱ्यांचा माल बोली लावून विकून देणारे. आमचा कार्यक्रम निखिल ऐकायचा. त्यानंच आईला तयार केलं होतं.

स्टुडिओत यायला सुनंदाताई राजी नव्हत्या. कोणी पाहिलं तर? म्हणून मी आणि आमचा साउंड इंजिनिअर सुहास त्यांच्या घरी गेलो. काका बाजारात होते. हॉलमध्ये बंगई होती, साखळ्यांवर टांगलेली लाकडी फळी, आमच्याकडे बऱ्याच घरांत असते तशी. सुनंदाताई तिच्यावर बसल्या. बंगई थांबली की त्यांचं बोलणंही थांबायचं. सुहास म्हणाला, "झुलू द्या मॅडम, त्याशिवाय बोलायच्या नाहीत त्या."

आता यातली गोम समजायला थोडं तंत्र ऐकावं लागेल. आवाज ओळखू येऊ नये म्हणून आम्ही त्याचा पिच बदलतो, म्हणजे तो जाड किंवा बारीक करतो. तसं केलं की मागचे आवाजही बिघडतात, माणूस डब्यात बसून बोलतोय असं वाटतं. म्हणून रेकॉर्डिंग झाल्यावर त्याच खोलीचा, कोणी बोलत नसतानाचा आवाज वेगळा घेऊन ठेवायचा. त्याला रूम टोन म्हणतात. बदललेल्या बोलण्याखाली तो अंथरला की सगळं खरं वाटतं, कापाकापीचे सांधेही लपतात. सुहासनं रूम टोन घेतला तेव्हा सुनंदाताई गप्प बसून झुलत होत्या.

सुहासचा प्रोमो, म्हणजे कार्यक्रमाची दिवसभर वाजणारी छोटी जाहिरात, फार सुंदर झाला होता. जाड केलेला आवाज सांगतो, "माह्या पोराले पोरी नाही, पोट्टे आवडतात. त्यानं मले सगळं सांगतलं. त्याच्या बाबाले कळलं तर घरात काय होईन, याचं भेव वाटते." आणि खाली बंगई. आवाज सगळ्यांनी तपासला. जन्मदात्या आईनं ओळखला नसता. बंगई तपासायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

प्रोमो लागला आणि फोन सुरू झाले. कार्यक्रम कोणी ऐकलाच नव्हता, सगळे प्रोमोवरच पेटले होते.

"घरात लेकरंबाळं आइकतात, तुमाले कायी वाटते का?"

"बाहेरच्या देशातली थेरं इथं काहून आणून राहिले?"

"त्या बाईले म्हणा, पोट्ट्याले चार ठेवून दे, सरळ होते."

एका मुलानं कुजबुजत कार्यक्रमाची वेळ विचारली आणि मी सांगायच्या आत फोन कापला. मग एक संघटना निवेदन घेऊन आली. पुढारी गोड बोलला, चहा प्यायला, कप स्वतः ट्रेमध्ये ठेवला. जाताना म्हणाला, "मॅडम, शनिवारी हे वाजलं अन् काचा फुटल्या, तर त्याची ग्यारंटी आम्ही नाही घेत बरं."

आमचे स्टेशन हेड मिश्रा सर त्या दिवसापासून माझ्या केबिनमध्ये घिरट्या घालू लागले. "मॅडम, सॅटरडेचं एक बार फिरसे सोचून घ्या ना."

"सर, नाव बदललंय, आवाज बदललाय. घाबरायचं कशाला?"

बोलायला मी शूर. पण त्या आठवड्यात मी गाडी मागच्या गल्लीत लावत होते, आणि लिफ्टचं दार उघडलं की आधी पाय दिसतात का पाहत होते. भीती वाटत होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि आता खाली बंगईवाले काका.

मी सुहासला बरोबर घेतलं आणि खाली गेले. साधा पांढरा शर्ट, कपाळावर घाम, मांडीवर कापडी पिशवी आणि उजवा हात पिशवीत. त्या हातावरून माझी नजर हटेना.

"तुमीच का त्या कार्यक्रमवाल्या मॅडम?"

"हो. काका, पाणी घेता का?"

"बाई कोण आहे ते नाही ओळखू आलं मले," ते म्हणाले. "दुकानात रेडिओ सुरूच असते. मांगून बंगई वाजली अन् माहा हात थांबला."

"बंगया घरोघरी असतात काका."

"असतात. माही जाताना कुरकुरते अन् येताना टक् करते. उजव्या कडीत वायसरची चकती मीच बसवली, ती मोठी झाली. मी रोज संध्याकाळी तिच्यावर बसतो. मले नका शिकवू."

मी ठरलेलं वाक्य म्हटलं, "आम्ही कोणाचं नाव सांगत नाही."

"नाव नका सांगू. बायको माही आहे, पोरगं माहं आहे. ती काय बोलली ते आख्खं आइकवा. नाही आइकवत तर घरी जाऊन तिलेच विचारतो."

ते शेवटचं वाक्य ते ओरडून बोलले नाहीत, म्हणून ते जास्त भयंकर वाटलं. बाहेरच्या संघटनेनं फार तर आमच्या काचा फोडल्या असत्या. हा माणूस त्या घराची किल्ली खिशात घेऊन आला होता. घरी सुनंदाताई एकट्या होत्या, आणि त्यांना मी कधीही फोन करायचा नाही असं आमचं ठरलेलं होतं. मी त्यांचा नंबरही घेतला नव्हता, सगळं बोलणं निखिलमार्फत व्हायचं.

मी कॉरिडॉरमध्ये गेले. मिश्रा सर तिथं होतेच. "पोलिसांना बोलवा. कुछ सुनवायचं नाही."

"पोलीस आधी नाव विचारतील सर. मग नाव लपवून काय उपयोग?"

"आणि त्यानं घरी जाऊन काही केलं तर?"

मी निखिलला फोन लावला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"निखिल, बाबा इथं आले आहेत. त्यांनी ओळखलं."

गलका दूर गेला, तो वर्गाबाहेर आला असावा. मला त्या शांततेचीही भीती वाटली. या वयाची मुलं अशा वेळी काय करतील याचा भरवसा नसतो.

"निखिल, आहेस ना?"

"हो, आहो. आईले माहीत आहे?"

"नाही. तू तिच्याकडे जा. इकडे येऊ नको, आणि एकटा कुठं जाऊ नको. फोन चालू ठेव. आणि तिला विचार, मी काय करू?"

तोवर आत सुहास काकांना काहीबाही सांगून धरून ठेवत होता. काकांनी पिशवीतला हात बाहेर काढला. हातात गोळ्यांची पट्टी होती. पाण्याबरोबर एक गोळी घेतली आणि म्हणाले, "बीपीची." माझा जीव थोडा भांड्यात पडला. थोडाच, कारण खरी भीती पिशवीत नव्हतीच.

निखिल घरी पोचला आणि त्याच्या फोनवरून सुनंदाताई बोलल्या. मला वाटलं होतं रडतील, मला बोल लावतील. लावले असते तर मी ते ऐकूनही घेतले असते.

"ते लई रागात आहेत का वं?" त्यांनी विचारलं.

"कळत नाही ताई. शांत आहेत."

"शांत आहेत म्हणजे जास्त आहे." मग म्हणाल्या, "आइकवून टाका त्यायले. माह्यानं समोर बोलणं होत नाही. इतके दिवस झालं नाही, आज काय होईन! मशीनीतून निघून जाऊ द्या एकदाचं."

"नक्की ना? वाटल्यास तुम्ही दोघं आज दुसरीकडे कुठं जाऊन राहा."

"कुठं जाऊ बाप्पा? इथंच बसतो."

काकांना स्टुडिओत नेलं. हेडफोन कसे लावतात त्यांना ठाऊक नव्हतं, सुहासनं लावून दिले. जाड आवाज सुरू होताच त्यांनी हात वर केला. "हा नको. हा चोराचा आवाज आहे. तिचा लावा."

सुहासनं मूळ रेकॉर्डिंग लावलं. काका डोळे मिटून ऐकू लागले. मला त्यातलं वाक्य न् वाक्य पाठ होतं, त्यामुळे काय येणार आहे ते कळत होतं.

सुनंदाताईंनी सांगितलं होतं ते असं. घरी जेवताना टीव्हीवर मालिका सुरू होती. मालिकेतल्या एका मुलानं आपल्या मित्राचा हात धरला आणि मला याच्यासोबतच राहायचं आहे असं घरच्यांना सांगितलं. काकांनी रिमोट आपटला आणि म्हणाले, "असा एखादा माह्या घरात निपजला असता तर गळा दाबून टाकला असता." निखिल त्यांच्या शेजारीच जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला, हात धुतला. पुढं तो वडलांबरोबर कधी जेवायला बसला नाही. क्लासचं निमित्त असायचंच. "तवापासून मी रोज दोन पंगती वाढतो," असं सुनंदाताई म्हणाल्या होत्या. "ते बोलले ते करतीन, असं मले वाटते. झोपेतही वाटते."

काकांनी डोळे उघडले. "मांगं घ्या."

सुहासनं मागं घेतलं. त्यांनी परत ऐकलं. पुन्हा म्हणाले, "मांगं घ्या." मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"मी बोललो असं?"

सुहासनं रेकॉर्डिंग बंद केलं.

"आयशपथ मॅडम, मले आठवतच नाही. टीवी पाहताना माणूस कायबी बोलते. क्रिकेटवाल्यालेही मी मारून टाका म्हंतो." ते माझ्याकडे बघत होते, जणू मी तिथं होते आणि मीच साक्ष देणार होते. "मले वाटे, पोट्टा मोठा झाला, कामात रायते, म्हणून संग जेवत नाही. एवढं भेव? माह्यं?"

मी एवढंच विचारलं, "काका, आता घरी जाऊन काय कराल?"

"मालूम नाही," ते म्हणाले. "मले हे पटलं नाही, ते सांगून ठेवतो. पोराचं असं, ते मले नाही पटत. पण गळा..." ते पिशवी उचलून उठले. सुहास त्यांना घरापर्यंत गाडीवर सोडायला गेला. बाहेरच थांबून राहिला. आतून ओरडण्याचा आवाज आला नाही, एवढंच त्यानं मला कळवलं. तरी निखिलचा मेसेज येईपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवला नाही. मेसेज एका शब्दाचा होता, "ठीक."

कार्यक्रम आम्ही वाजवला नाही. सुनंदाताई म्हणाल्या, ज्याला ऐकवायचं होतं त्यानं ऐकलं. शनिवारी त्या वेळेत जुनी गाणी लावली. त्याच दिवशी संघटनेनं जाहीर केलं की आमच्या दणक्यानं कार्यक्रम बंद पडला. मिश्रा सर खूश, काचा शाबूत. खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून मी तो दणका मुकाट्यानं खाल्ला. सुहासनं नवा नियम केला, आवाज बदलायचा असेल तर खोलीही बदलायची. रूम टोन आता आमच्याच कॉन्फरन्स रूममधून घेतो.

सुनंदाताईंचा मग एकदा फोन आला. स्वतःच्या फोनवरून, उघडपणे. काका आणि निखिल यांचं बोलणं होत नाही, असं म्हणाल्या. काका टीव्ही बंद करून ताटावर बसतात आणि निखिलची वाट पाहत राहतात. तो कधी येऊन बसतो, कधी येत नाही. भीती गेली का, असं मी विचारलं. "कमी झाली," त्या म्हणाल्या. "गेली नाही."

आमच्याकडे फोन अजून येतात. एखाद्या गाण्यावरून, मालिकेवरून, निवेदकानं सहज केलेल्या उल्लेखावरून. असल्यांना हाणलं पाहिजे, जाळलं पाहिजे. पूर्वी मी वाद घालायची. आता सगळं ऐकून घेते आणि एकच विचारते, "साहेब, हे तुम्ही बोललात तेव्हा तुमच्या घरात आजूबाजूला कोण कोण बसलं होतं?"

बहुतेक लोक फोन आपटतात. एका गृहस्थांनी आपटला नाही. पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता. मग ते हळूच म्हणाले, "पोरगी होती. आत्ताच उठून आत गेली."