जाड पुस्तकं पाहिजेत, गडद लाल

मला जुनी पुस्तकं जमवायचा नाद होता. वाचायचा नव्हता. हे कबूल करायला मला जवळजवळ सगळी नोकरी संपावी लागली, म्हणून आधीच सांगून टाकतो.

लातूरच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवायचो. पगार झाला की माझे पाय आपोआप रद्दीच्या दुकानांकडं वळायचे. कातडी पाठीचं, सोनेरी ठशाचं, पहिल्या पानावर कुणीतरी कुणाला चार ओळी लिहून भेट दिलेलं पुस्तक दिसलं की माझा जीव खालीवर व्हायचा. आत काय छापलंय ते मी पुढं कधीतरी बघणार असायचो. पानं एकमेकांना जोडलेलीच असली, म्हणजे छापखान्यातून आल्यावर कुणी ती कापलीच नसली, तर मला जास्तच आनंद व्हायचा. इतक्या वर्षांत ज्याला कुणी हात लावला नाही, त्याला मी तरी का लावावा?

"तुम्ही या पुस्तकांना ऊन दाखवता, पुसता, डांबरगोळ्या घालता," बायको म्हणायची. "लेकरांना ताप आला तर दवाखान्यात मी नेते."

"लेकरं दुर्मिळ नसतात," मी एकदा म्हणालो. त्या दिवशी मी माझं ताट माझ्या हातानं वाढून घेतलं.

नांदेडच्या जुन्या भागात पुस्तकं बांधणारे एक जिल्दसाज होते. त्यांना मी चाचा म्हणायचो. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात कचेऱ्यांची दफ्तरं बांधली होती. महिन्यातून एका रविवारी मी एसटीनं अहमदपूर, लोहा करत त्यांच्याकडं जायचो. पुस्तकाची पिशवी मांडीवर असायची. दुखणाईताला घेऊन निघाल्यासारखा मी तिला धक्क्यांपासून जपायचो. चाचा पुस्तक हातात घेऊन आधी वास घ्यायचे, मग पाठीवरून अंगठा फिरवायचे.

"कसर लागली हाय, मास्तर. शिवण बी गेली. अंदर काय लिहिलंय?"

"बघितलं नाही अजून."

"हौ," चाचा म्हणायचे आणि खळ ढवळायला लागायचे. त्या 'हौ'मध्ये काय काय भरलेलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग किल्लारीचा भूकंप झाला. लातुरात आमच्या घराच्या भिंतीला एक लांब तडा गेला, बाकी आम्ही वाचलो. जमीन हलायची थांबली तसं मी अंगणात बायको-लेकरं डोळ्यांखालून घातली आणि पुन्हा घरात शिरायला निघालो. बायकोनं सदऱ्याला धरून मागं ओढलं. "कुठं?" मी म्हणालो, "कपाट बघून येतो." तिनं सदरा सोडला नाही. पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना ती हा प्रसंग सांगायची, आणि सांगताना माझ्याकडं न बघता सांगायची.

दक्षिणेला गावंच्या गावं मातीखाली गेली होती. आठवड्याभरात कॉलेजच्या आम्हा शिक्षकांना मदतीच्या गोदामात काम लागलं. देशभरातून ट्रक येत होते आणि आम्ही माल वेगळा करत होतो. माझ्या जोडीला रसायनशास्त्राचे एक सहकारी होते. माणूस बोलका, हुशार आणि सारखा काहीतरी हिशेब मनात करणारा. धान्य, चादरी, औषधं तर आलीच. शिवाय दानशूर शहरांनी आपली कपाटंही आमच्या अंगावर रिकामी केली होती. टाय आले. उंच टाचांच्या चपला आल्या, त्यातही बऱ्याच एकेकट्या. एका पेटीत नुसते लग्नातले फेटे निघाले. ज्यांच्या घरात माणूस उरलं नव्हतं, त्यांना कुणीतरी फेटे पाठवले होते.

पुण्याहून आलेल्या एका ट्रकमधून पुस्तकांची खोकी उतरली. सहकारी म्हणाले, "सर, हे तुमचं खातं." मी खोकी उघडायला बसलो. शाळेची जुनी क्रमिकं, दिवाळी अंक, गोष्टींची पुस्तकं आणि त्या सगळ्याच्या तळाशी ते.

मरून कातड्याची बांधणी, पाठीवर सोनेरी वेलबुट्टी, आत अबरीचा, संगमरवरी रेघांचा रंगीत कागद. घरगुती औषधं आणि पथ्याचा स्वयंपाक यांवरचं जुनं पुस्तक होतं. पहिल्या पानावर काळ्या शाईत, बोरूच्या वळणदार अक्षरात एका बापानं लेकीला लिहिलं होतं: 'सासरी करमेनासे झाले तर वाचीत जावे. आजारी पडलीस तर आधी पत्र टाक, मग यातले औषध घे.' मी ते पान चार वेळा वाचलं. त्याच्या पुढची पानं कापलेली नव्हती. तिला सासरी करमलं असावं.

मी पुस्तक मांडीवर घेऊन बसलो असतानाच एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. अंगावरचा सदरा गोदामातलाच असावा, खांद्यात फार मोठा होता. ते पडलेल्या गावातल्या शाळेचे गुरुजी होते. शाळा राहिली नव्हती.

"पोरांना पत्र्याच्या शेडात बसवून राहिलो, सर," ते म्हणाले. "दिसभर नुसती बसतात. बोलत न्हाईत. वाचून दाखवाया काही हाय का?"

मी दोन्ही हातांनी खोकी त्यांच्या पुढ्यात सरकवली. क्रमिकं, अंक, गोष्टी, सगळं घ्या म्हणालो. ते करताना मरून पुस्तक मी माझ्या मांडीखाली सारलं. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई उपकार झाले," असं ते दोनदा म्हणाले, आणि दोन्ही वेळा मी पुस्तकावर बसलेलो होतो.

संध्याकाळी ते माझ्या पिशवीतून घरी आलं. मी याला चोरी म्हणत नव्हतो. माझ्याकडं त्यासाठी 'जतन' असा चांगला शब्द होता. मराठीचा प्राध्यापक असण्याचे हे फायदे असतात.

चाचांनी त्याची शिवण पक्की केली, पुन्हा कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीनं पाठ बसवली आणि आठ दिवस शिकंज्यात दाबून ठेवलं. "कुठून आणलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पुण्याकडून आलं." ते खोटंही नव्हतं.

तिकडं माझ्या सहकाऱ्यांना त्याच गोदामात वेगळाच साक्षात्कार झाला होता. लोक स्लॅबच्या घरात झोपायला भीत होते. लेकरं वर्गात पाठवायलाही भीत होते. यांनी मोकळ्या प्लॉटवर पत्र्याचं शेड टाकलं आणि रसायनशास्त्राची शिकवणी सुरू केली. डोक्यावर स्लॅब नाही, ही त्यांची पहिली जाहिरात. पोरं आली. निकाल लागले. मग जळकोट, रेणापूर, उदगीर, कुठून कुठून आईबाप पोरांना गाद्या-बादल्यांसकट आणून सोडायला लागले. सहकाऱ्यांनी कॉलेजची नोकरी सोडली आणि ते संचालक झाले. काही वर्षांत लोकांची भीती मेली आणि त्याच प्लॉटवर चार मजली इमारत उभी राहिली. स्लॅबची.

उद्घाटनाच्या महिनाभर आधी संचालक माझ्या घरी आले. चहा पिता पिता त्यांची नजर माझ्या कपाटावर खिळली.

"सर, खाली स्वागतकक्षात काचेचं कपाट करून राहिलो. पालक येऊन बसला की समोर त्याला ज्ञान दिसलं पाहिजे."

"कोणती पुस्तकं ठेवणार?"

"जाड."

"कोणत्या विषयावरची?"

"गडद लाल, सर. थोडी हिरवी. सोफा हिरवा आहे."

मी त्यांना चाचांकडं घेऊन गेलो. मला वाटलं, चाचा हाकलून देतील. पण नांदेडातही आता कातडी बांधणीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्यांचा मुलगा झेरॉक्सचं मशीन घ्या म्हणून मागं लागला होता. चाचांनी पट्टीनं हवेत कपाटाचं माप घेतलं आणि विचारलं, "साब, जिल्द बांधतो. अंदर काय घालू?"

"काहीबी घाला. कपाटाला कुलूपच राहणार आहे."

"काहीबी म्हंजे कागद तर पायजे. जिल्द हवेवर बसत न्हाई."

संचालकांनी दुसऱ्या दिवशी पोत्यात भरून कागद पाठवला. त्यांच्या क्लासमध्ये दर आठवड्याला चाचणी व्हायची, तिच्या वर्षानुवर्षांच्या उत्तरपत्रिका माळ्यावर पडून होत्या. चाचांनी त्या कापून, शिवून, लाल आणि हिरव्या कातड्यात बसवल्या. पाठीवर सोनेरी ठशात 'खंड पहिला', 'खंड दुसरा' असं घातलं. कशाचे खंड, ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी घातलं नाही.

यात मी हसत बसलो असतो तर बरं झालं असतं. पण संचालक म्हणाले, "सर, मधल्या फळीवर एक खरंखुरं जुनं पुस्तक पाहिजे. खाली पितळी पाटी लावू. 'दुर्मिळ ग्रंथ', आणि त्याखाली तुमचं नाव." मी एक दिवस विचार करतो म्हणालो. विचार मी तिथंच करून टाकला होता. संध्याकाळी मरून पुस्तक रेशमी रुमालात गुंडाळून मी स्वतः पोचतं केलं. पाटीवर माझ्या नावातली वेलांटी चुकली होती. तरी मी ती दोनदा पुसली.

उद्घाटनाला एक निवृत्त बडे अधिकारी प्रमुख पाहुणे होते. स्वागतकक्षाच्या उघड्या दारासमोर घातलेल्या मांडवात पालक खचाखच भरलेले. मी आणि बायको तिसऱ्या रांगेत. फीत कापली, दिवा लागला, आणि पाहुणे कपाटापुढं थांबले.

"वा! मला पुस्तकांचं फार वेड. उघडा बरं."

संचालकांनी किल्ली नसल्यासारखे खिसे चाचपले. तेवढ्यात त्यांच्या एका कर्तव्यदक्ष शिपायानं धावत जाऊन किल्ली आणली. पाहुण्यांनी हिरवा 'खंड चौथा' ओढला, मधोमध उघडला आणि चष्मा वर केला. फोटोवाला पुढं झाला. माइक पाहुण्यांच्या हातातच होता, त्यामुळं ते जे पुटपुटले ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"पंचवीसपैकी शून्य. पुन्हा लिहिणे. पालकांची सही आणणे."

मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांचा सगळा दिखावा आता उघडा पडणार होता, आणि तोही त्यांचा, माझा नव्हे.

संचालकांनी माइक घेतला. त्यांचा आवाज जरा घोगरा झाला होता, तो त्यांनी तसाच ठेवला.

"साहेबांनी आमचं गुपित फोडलं. पालकहो, दुसऱ्यांच्या क्लासात पहिल्या येणाऱ्यांचे फोटो लावतात. आम्ही शून्य घेणाऱ्या लेकराचा कागद कातड्यात बांधून ठेवतो. का? कारण उद्या तेच लेकरू डॉक्टर होऊन इथं येणार, आणि हा कागद बघून रडणार!"

टाळ्या थांबेनात. एक पालक डोळे पुसत उभा राहिला. पाहुण्यांनी खंड चौथा कपाळाला लावला. आणि या वातावरणात, काहीतरी भव्य करायच्या भरात, संचालकांनी मधल्या फळीवरचं मरून पुस्तक उचललं, खिशातलं बॉलपेन काढलं आणि त्या बापाच्या ओळींच्या बरोबर खाली लिहिलं: 'माननीय साहेबांना, सप्रेम भेट.' खाली सही, सहीखाली क्लासचा शिक्का. मग पुस्तक पाहुण्यांच्या हातात दिलं.

मी टाळ्या वाजवत होतो. हात आपोआपच चालले होते. बायको माझ्याकडं बघत राहिली.

"अहो, तुमचं पुस्तक गेलं. तुम्ही टाळ्या काय वाजवून राहिलात?"

दुसऱ्या दिवशी मी संचालकांकडं गेलो. त्यांना वेळ नव्हता. रांग फाटकाबाहेर गेली होती, आणि प्रत्येक पालक आधी कपाट दाखवा म्हणत होता. "सर, एका पुस्तकाचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले. "पाटी आहे ना अजून?" पाटी होती. मधली फळी रिकामी आणि खाली माझं नाव, दुर्मिळ.

मी पाहुण्यांना पत्र लिहिलं. ग्रंथ माझ्या व्यक्तिगत संग्रहातला असून केवळ प्रदर्शनासाठी दिलेला होता, वगैरे. तीन वेळा खाडाखोड केली, कारण 'माझा' हा शब्द लिहिताना प्रत्येक वेळी तो गुरुजींचा मोठा सदरा डोळ्यांपुढं यायचा. महिन्याभरानं पार्सल आलं. आत पाहुण्यांच्या स्वतःच्या भाषणांचं पुस्तक होतं, चकचकीत, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. वर लिहिलं होतं: 'आपल्यासारख्या रसिकास.'

ते घेऊन मी नांदेडला गेलो. या वेळी चाचांना सगळं सांगितलं. गोदाम, खोकी, गुरुजी, मांडीखाली सारलेलं पुस्तक, सगळं. ते सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर बोलले.

"मास्तर, तुम्ही लई पुस्तकं आणली माझ्याकडं. मी समद्यांची पानं मोजली, वाचून बी पाहिली. तुम्ही एकदा तरी बसून पाहिलं का, माणूस पुस्तक कसं शिवतो ते?"

"नाही."

"मंग बसा."

त्यांनी मला पाट दिला, समोर सुट्या फर्म्यांची, म्हणजे न शिवलेल्या छापील घड्यांची, चवड ठेवली आणि हातात सुई दिली. तेव्हापासून मी रविवारी तिथं शिवायला बसतो. जमवणं बंद झालंय असं म्हणणार नाही, पण दुकानात आता माझा हात आधी मजकुराकडं जातो. पहिलं पुस्तक शिवायला मला पाच रविवार लागले. शेवटची गाठ मारून मी ते अभिमानानं चाचांना दिलं. त्यांनी वास घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला, उघडलं, आणि बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिले. अर्धी पानं उलटी होती.

"उसवा," चाचा म्हणाले, आणि चहा सांगायला उठले.