चुकीचं ड्रॉइंग आणि शैलाताई

ज्या बाईंनी मला नोकरीवरून काढू दिलं नाही, त्या आज सकाळी गेल्या.

शैलाताई. धायरीतल्या आमच्या इलेक्ट्रिकल पॅनेलच्या कारखान्यात सुपरवायझर होत्या.

मी दहावीनंतर शिकलो नाही. मला ऑटिझम आहे, हेही तेव्हा माहीत नव्हतं. इंटरव्ह्यूत कोणी "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही. सगळीकडून परत यायचो.

ताईंनी काही विचारलंच नाही. समोर रिकामं पॅनेल ठेवलं, हातात ड्रॉइंग दिलं.

"बोलू नकोस. यात दाखवलंय तसं वायरिंग कर."

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो.

तिसऱ्या आठवड्यात माझं पॅनेल टेस्टिंगला बंद पडलं. कस्टमर समोर उभा.

मी ड्रॉइंगप्रमाणेच केलं होतं. तीनदा तपासलं होतं.

पण ड्रॉइंगमध्येच एक वायर चुकीच्या जागी दाखवली होती. जुनी मुलं ती न सांगता बरोबर जागी लावायची. मला कोणी सांगितलं नव्हतं.

कारखान्याचे साहेब भडकले. "अहो ताई, हे सगळ्यांना माहीत आहे. याला एवढंही कळत नाही? उद्यापासून नको."

मी स्क्रूड्रायव्हर पुसून ठेवायला लागलो. घरी आईला काय सांगायचं, ते वाक्य मनात जुळवत होतो.

ताईंनी चष्मा लावून ड्रॉइंग पाहिलं.

"साहेब, यावर सही कोणाची?"

"माझी."

"मग या पोरानं तुमचं ऐकलं. बाकीच्यांनी नाही ऐकलं. आता कोणाला काढायचं ते ठरवा."

साहेबांनी पेन मागितलं आणि ड्रॉइंग दुरुस्त केलं.

त्या दिवसापासून ताईंनी नियम केला. तोंडी काम सांगायचं नाही, लिहून द्यायचं. आणि मी दचकतो म्हणून मला मागून हाक मारायची नाही, समोर येऊन बोलायचं.

मुलं कुरकुरली. "याच्या एकट्यासाठी आम्ही लिहीत बसायचं?"

"बसा. अक्षर तरी सुधारेल."

पुढे नवीन येणारा प्रत्येक जण त्या कागदांवरूनच शिकला. तेव्हा कोणी कुरकुरलं नाही.

ताई रिटायर झाल्या, त्या दिवशी मी थँक यू लिहून नेलं होतं. खूप गर्दी होती. चिठ्ठी खिशातच राहिली.

म्हणून आज इथे लिहितोय. उशीर झाला, हे मला कळतंय.

ताई, थँक यू.

मी अजून कामावर आहे. उद्याही जाईन.

तुम्ही आता निवांत राहा. नमस्कार करतो.