मंदाकाकूंचे ग्लास धुताना

फोन आला तेव्हा मी मंदाकाकूंचीच नक्कल करत होतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये चार-पाच जण पोट धरून हसतायत आणि मध्येच आईचा फोन. "अरे, काकू गेल्या रे. झोपेतच." मी फोन ठेवला आणि म्हणालो, "काकू गेल्या." तर पब्लिक अजून जोरात हसलं... त्यांना वाटलं, आयटमचाच पुढचा भाग. त्यांचा काय दोष? माझ्यासारख्याचं खरं बोलणं कोण खरं धरणार!

काकू आमच्या समोरच्या दारातल्या. मूळच्या खारी गावातल्या, माहेरची मिठागरं होती. त्यांचे मिस्टर, आमचे नाना, बोटीवर स्टुअर्ड होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून सहा क्रिस्टलचे ग्लास आणलेले, लांब दांड्याचे, नक्षी कापलेले. दुसऱ्या कुणाकडे ते शोकेसमध्येच म्हातारे झाले असते. काकू त्यातून कोकम सरबत द्यायच्या, जो दारात येईल त्याला. कुरियरवाला हात जोडायचा, "आंटी, स्टील का दो ना, टूट जाएगा!" त्यावर काकू, "तू पी रे, धोने को मैं हाय ना!" या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं टाळ्या खाल्ल्यात.

मला वाटायचं, त्यांना पत्ताच नाही. मग सोसायटीच्या सत्यनारायणाला मी माइकवर काकू केल्या आणि बघतो तर काकू पहिल्याच खुर्चीत. दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. म्हटलं, मेलो. आत नाना घोरत होते. काकू स्वयंपाकघरात उभ्या. "बोलतंस माज्यासारखा," त्या हळूच म्हणाल्या, "पन माजं हात कुटं घेतलंस?" आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. थरथरत होते. माझी सगळी मस्ती तिथेच उतरली. "नानांना सांगू नको. त्यांना कललं तं ग्लास कपाटात जातील. मंग पाव्हन्यांना काय, पेपरच्या कपात देऊ? तू धू. कर माजी नक्कल."

मग सुरू झाली शिकवणी. प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेलची घडी. कोमट पाणी, गरम नाही, तडकतात. एका वेळी एकच ग्लास. काकू धुताना अंगठी काढायच्या, पण सवाष्णीचा हात मोकळा नको म्हणून बांगड्या तेवढ्या कोपराकडे सरकवून वर हातरुमाल बांधायच्या. मी पण मन लावून मनगटाला रुमाल बांधला. काकू बघतच राहिल्या. "तुला बांगड्या हायत कं रं, येड्या?" म्हटलं, "काकू, मी कॅरेक्टर पूर्ण घेतो." हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं. ग्लासवर पांढुरके डाग होते. मी साबण घेतला तर हातावर फटका. "बोरचं पानी हाय ते, खारं. मिठात जल्माला आली मी, मना वलखंना व्हय?" डागांना कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर, आणि शेवटचं खळबळणं पालिकेच्या पाण्यात. मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुसायचं, ग्लासचं पोट धरून. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात पोट असं धरून पिळलं की गेला कामातून. पहिल्या दिवशी माझ्या एवढं लक्षात आलं, की ज्या बाईला मी दोन मिनिटांत उडवत होतो, तिचा एक अंगठा काठावरून कसा फिरतो तेच मला महिनाभर जमणार नव्हतं.

सहा महिने, दर रविवारी, नाना झोपले की मी धुवायचो आणि काकू स्टुलावर बसून शिव्या घालायच्या. पाहुणे सरबत पिऊन म्हणायचे, "काकू, काय चमकतायत!" त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "हाताला वलन लागतं." एकही ग्लास फुटला नाही. त्या गेल्या तेव्हाही सहाच्या सहा होते.

परवा नानांनी हाक मारली. टेबलावर खोका, जुने पेपर, आणि पाच ग्लास गुंडाळून झालेले. "भाचीला देऊन टाकतो," ते म्हणाले. "मी आणले खरे, पण कधी विसळले नाहीत रे. आता कोण धुणार? आणि कोण येणार..." मी कबूल करून टाकलं. "नाना, तुम्ही घोरत होता तेव्हा मीच धुवायचो. काकूंचे हात थरथरायचे." नानांनी हातातला पेपर घडी घालून बाजूला ठेवला, उठले आणि टब घेऊन आले.

गुंडाळलेले ग्लास परत सोडवून मी धुवायला बसलो, नाना पुसायला. पुसायला घेतलेला दुसऱ्या नंबरचाच ग्लास त्यांनी दांड्याने धरून पिळला आणि माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, मी ठरवलं नव्हतं, "आवो, मोडंल ना त्यो! पोटाला धरा!" तोच आवाज. काकू गेल्यावर महिनाभराने, पहिल्यांदा. नानांनी ग्लास सांभाळून पोटाशी धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"एवढ्या हळू कधी ओरडली रे ती?"