अठरावा परिच्छेद

दीपमाला वानखडे अमरावतीला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत ती अकोल्याला साधना गावंडे या वकिलांकडे काम शिकायला जायची. बार्शीटाकळीजवळच्या गावात राहणारी तिची आत्या, दुर्गाबाई, हिचा दावाही त्यांच्याकडेच होता. आत्याच्या शेताची वाट शेजाऱ्यानं काटे टाकून बंद केली होती. निकालापर्यंत ती मोकळी ठेवावी, असा तात्पुरता हुकूम मागायचा होता.

“याला आधार देणारा उच्च न्यायालयाचा निवाडा शोध,” मॅडम म्हणाल्या.

दीपमालेनं मोबाइलवर शब्द टाकले. दहा मिनिटांत वाक्य सापडलं: ‘दुसरी वाट लांबून जात असेल, तर जवळची वाट अडवता येणार नाही.’ त्याखाली रेघ मारून तिनं सत्तावीस पानांची प्रत मॅडमपुढे ठेवली.

“निवाडा पूर्ण वाचलास?”

“हो, मॅडम.”

वाचलं होतं फक्त तेवढं पान.

सुनावणीत मॅडमनी ते वाक्य वाचलं. न्यायाधीशांनी प्रतीचं पान उलटलं. “हा सतरावा परिच्छेद. आता अठरावा वाचा.”

मॅडम थांबल्या. मग वाचलं, “वकिलांचा हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही.”

रेघेचं वाक्य न्यायालयाचं नव्हतंच. हरलेल्या बाजूच्या वकिलाचं म्हणणं तिथं फक्त नोंदवलेलं होतं.

“माझी चूक आहे, सर. मी तपासायला हवं होतं,” मॅडम म्हणाल्या. मागे वळून त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दीपमालेचे कान तापले.

अर्ज नामंजूर झाला. कायद्याचं बोलणं न कळलेल्या आत्यानं बाहेर तिची पाठ थोपटली. “तुयाच कागद वाचला न मॅडमनं? जजसाहेबबी ध्यान देऊन आयकत होते!”

दीपमाला खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिली. वर बघवेना.

ऑफिसात तिनं कबूल केलं, “मी खोटं बोलले, मॅडम.”

“ते कोर्टातच कळलं. अर्ज कमकुवत होताच, पण म्हणून तुझं खोटं लहान होत नाही. बस. पहिल्या पानापासून वाच आणि प्रत्येक परिच्छेदापाशी लिही, इथं कोण बोलतंय.”

दुपारभर ती समासात लिहीत बसली: वकील, खालचं कोर्ट, पुन्हा वकील. फक्त शेवटच्या पाच पानांवर उच्च न्यायालय स्वतः बोलत होतं.

त्या खरिपात आत्यानं खताची पोती डोक्यावर घेऊन नाल्यापलीकडून, दोन किलोमीटरच्या फेऱ्यानं वाहिली. दिवाळीत दीपमालेनं तिला सगळं सांगून टाकलं.

आत्या म्हणाली, “मंग मी साऱ्या गावात तुयं नाव सांगून राहिली होती, त्याचं काय?”



पुढच्या वर्षी जुन्या गावनकाशावर ती वाट सापडली आणि दावा आत्याच्या बाजूनं लागला. नकाशा मॅडमनी शोधला होता. आत्यानं पेढे वाटले. दीपमालेच्या हातावरही एक ठेवला, पण तिला तो चारचौघांत खाववेना.